डीपी काय म्हणतो आणि शिवारात काय उभं राहिलंय, हे स्वतः कसं ताडून बघायचं

जळगाव घ्या, धुळं घ्या, शहराच्या कडेला गेलं की काल जिथं कपाशी होती तिथं आज मुरमाचे रस्ते आणि चुन्याच्या रेघा दिसतात, आणि विकास आराखड्यात, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यात, तीच जागा शेती नाहीतर बगीच्याचं आरक्षण म्हणून असते. आमच्या मामांनी असाच गुंठ्याने प्लॉट घेतला, एजंटने सातबारा दाखवला, स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, आणि पाया खोदायच्या वेळी कळलं की त्यावरून 18 मीटरचा डीपी रोड जातोय. आयुष्याची कमाई होती ती. म्हणून हे लिहितोय.

सगळं शहर एकदम घेऊ नका. एकच शिवार धरा, पिंप्राळा, मेहरूण, धुळ्याकडे वलवाडी, जे तुमच्या पायाखालचं असेल ते, 20-25 गट नंबर पुरे.

पहिले कागद. नगररचना विभागात गट नंबर देऊन, फी भरून झोन दाखला, म्हणजे डीपीत ती जागा कशासाठी आहे ते लिहिलेला कागद, आणि भाग नकाशा, म्हणजे डीपीच्या नकाशातला तेवढाच तुकडा, मागा. मंजूर आराखड्याचाच घ्या, प्रारूप म्हणजे मंजुरीआधीचा कच्चा आराखडा नको, आणि मंजुरीची तारीख वहीत लिहून ठेवा, पुढे लागते. सोबत महाभूलेखवरून सातबारा काढा.

मग कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो, फुकट आहे. भाग नकाशा स्कॅन करून इमेज ओव्हरलेने वर ठेवा, रेल्वेलाईन, नाला, जुना गाडरस्ता अशा न हलणाऱ्या खुणा जुळवा, आणि नकाशा अर्धा पारदर्शक करा. आता घड्याळाचं बटण दाबून जुने फोटो एकेक वर्षाने मागे न्या. खरी गंमत इथेच आहे, घरं खूप उशिरा येतात भो, पहिले येतात त्या सरळ पांढऱ्या रेघा, म्हणजे मुरूम टाकलेले ले-आऊटचे रस्ते, आणि त्या रेघा दिसल्या की समजा शेत गेलं, मग सातबाऱ्यावर अजून कापूस लिहिलेला का असेना. फक्त मे महिन्याच्या फोटोवर विश्वास ठेवू नका, नांगरलेली काळी रिकामी जमीन आणि सोडून दिलेला प्लॉट सारखेच दिसतात, हिवाळ्यातला फोटो बघा. प्रत्येक तुकड्याभोवती पॉलिगॉन काढा, क्षेत्रफळ आपोआप येतं.

वहीत चार रकाने करा: गट, डीपीत काय, सातबाऱ्यावर काय, जमिनीवर काय. हिरव्या पट्ट्यात, म्हणजे डीपीत शेतीला ठेवलेल्या भागात, वस्ती हे तर सगळ्यांना दिसतं, पण उलटंही निघेल, रहिवासी झोन आणि एनए (बिगरशेती) होऊनही वर्षानुवर्षं पडीक, कारण मालक भाव वाढायची वाट बघतोय, आणि त्याच्यापुढे दोन किलोमीटरवर मजूर लोक गुंठ्या-गुंठ्याने घरं बांधताहेत, कारण परवडतं तेच.

मग पायी फिरा, हे टाळू नका. पाण्याची लाईन आहे का, गटार कुठे संपतं, नाला बुजवलाय का, चहाच्या टपरीवर विचारा प्लॉट कधी पडले. सॅटेलाईटला हे दिसत नाही.

आरक्षण कागदावरच का राहतं तेही समजून घ्या, बहुतेक वेळा संपादनाला पैसा नसतो. नगररचना कायदा 1966 च्या कलम 127 प्रमाणे 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं, म्हणजे पोरांचं मैदान गेलं. कलम 38 प्रमाणे आराखडा 20 वर्षांत एकदा तरी सुधारायला पाहिजे, पण 20 वर्षांत शिवार ओळखू येत नाही.

प्रारूप जाहीर झालं की नोटिशीतल्या मुदतीत हरकत टाका. "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहू नका, गट नंबर, क्षेत्रफळ, कोणत्या वर्षीचा फोटो, सगळं जोडा, अर्ज दोन प्रतीत द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.