दंबुल्ल्याचा गुहाविहार कसा पाहावा

अजिंठा पाहिलेला माणूस दंबुल्ल्यात हमखास एक चूक करतो, छिन्नीने कोरलेलं लेणं शोधतो. श्रीलंकेतला हा खडक आसपासच्या सपाटीपासून सुमारे १६० मीटर उंच आहे. त्याच्या कुशीत मुळातच खोल कपार होती. तिला पुढून भिंती घालून पाच विहार केले. आत शिरण्याआधी मान वर करून कपारीचा ओठ पाहा. तिथे खाच मारली आहे. पावसाचं पाणी त्या खाचेशी अडतं आणि आत न ओघळता बाहेर पडतं. आतली चित्रं टिकली त्यात या खाचेचा वाटा मोठा आहे.

कँडीहून अंतर ७२ किलोमीटर, बसने अडीच तास धरा. तिकीट पायथ्याशीच काढा; ते न घेता चढलात तर वरून परत उतरावं लागतं. सकाळी लवकर चढा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी अंगणातली फरशी तळपाय भाजते, म्हणून जाड मोजे जवळ ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टोपी काढायची. वाटेत वानरं असतात, हातात खाऊ नको.

क्रम उलटा ठेवा: पाचव्यापासून पहिल्याकडे. पाचवा विहार सर्वांत नवा, मूर्ती विटा-चुन्याच्या. तो शेवटी पाहिला तर फिका वाटतो. खरा वेळ दुसऱ्यासाठी राखा, निदान अर्धा तास. हा दुसरा, म्हणजे महाराज विहार, सुमारे ५२ मीटर लांब आहे. छत सपाट केलेलं नाही. खडकाच्या उंचवट्या-खळग्यांवरूनच चित्रं फिरवली आहेत, त्यामुळे डोक्यावर रंगीत कापड ताणल्यासारखं दिसतं. लगेच काही दिसत नाही. दोन-तीन मिनिटं स्तब्ध उभे राहा, डोळे अंधाराला सरावतात. छतातून ठिबकणारं पाणी एका भांड्यात साठवतात. ते पूजेसाठी असतं, हात लावू नका.

पहिल्या विहारात १४ मीटरची पहुडलेली बुद्धमूर्ती त्याच खडकातून घडवली आहे. जागा अरुंद असल्याने ती एका नजरेत मावत नाही. पायांपाशी सुरुवात करून डोक्याकडे सरका. इथली चित्रं उदबत्तीच्या धुराने काळवंडली आहेत.

फ्लॅश वापरू नका. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी तर मुळीच नको. इथे तो बुद्धाचा अपमान समजतात.