आधी झाडाचा घेर, मग दोराची लांबी: संक्रांतीपूर्वीची तयारी

दोर घेण्याआधी टेप घ्या. शिंप्याचा दीड मीटरचा टेप ठाण्यातल्या जुन्या झाडांना पुरत नाही. पाच मीटरचा कापडी टेप बरा, नाहीतर लांब सुतळी घेऊन जा, खोडाभोवती फिरवा, बोटाने खूण धरा आणि खाली पसरून मोजा. जानेवारीत मांजात अडकलेली घार किंवा वटवाघूळ सोडवायला जे सुट्या पायऱ्या आणि दोर लावून वर चढणार आहेत, त्यांनी हे मोजमाप नोव्हेंबर-डिसेंबरातच उरकून ठेवावं. पक्षी लटकलेला असताना खाली उभं राहून दोर पुरेल का याचा हिशेब करत बसणं त्या पक्ष्यालाही परवडत नाही आणि चढणाऱ्यालाही.

हा हिशेब आपला आपणच का करायचा, ते आधी सांगतो. ‘क्लाइंबिंग स्टिक’ म्हणून ज्या सुट्या पायऱ्या मिळतात, त्या अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांसाठी घडवलेल्या आहेत. तिथला धनुर्धारी शिकारी अर्धा-पाऊण मीटर लांबीच्या तीन-चार पायऱ्या पाठीवर घेऊन जंगलात जातो, एकावर एक बांधत पाच-सहा मीटर वर चढतो आणि खोडाला अडकवलेल्या छोट्या फळीवर उभा राहतो. तो सरळसोट, मध्यम जाडीचं खोड निवडून घेतो. त्या पायऱ्यांबरोबर येणारा दोर किंवा पट्टा त्यामुळे साधारण सहा ते आठ फुटांचा असतो. आपल्याला झाड निवडायची मुभा नसते. मांजा जिथे अडकला तिथेच चढायचं असतं, आणि ते झाड जांभूळ असेल, आंबा असेल किंवा रस्त्याकडेचा अवाढव्य वर्षावृक्ष असेल. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा या साधनाचा इथला उपयोग पक्षी सोडवणं, ढोलीची पाहणी, झाडाची निगा एवढाच. काम बदललं, झाडं बदलली, मग दोराची लांबी तीच कशी राहील?

घेर मोजायची जागा ठरलेली आहे. वनखात्याच्या रिवाजाप्रमाणे जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला. पण आपल्याला खाली बुंध्याजवळचा आणि हात पोचेल तिथला वरचा घेरही हवा, कारण पायऱ्या तिन्ही ठिकाणी लागणार. वेल चढलेली असेल तर तिच्यावरून मोजा. खोडाची जाडीच हवी असेल तर घेराला 3.14 ने भागा, पण दोराच्या कामाला घेरच लागतो. मोजलेलं वहीत झाडाच्या नावासकट लिहून ठेवा. उपवन, मानपाडा, कोलशेत, बेलापूर, जिथे दरवर्षी मांजा अडकतो ती झाडं ठरलेलीच असतात. पुढच्या वर्षी तीच वही कामाला येते.

आता पायरीचा दोर. तो पायरीला एका बाजूने बांधलेला असतो, खोडाला वळसा घालून परत येतो आणि दुसऱ्या बाजूच्या खुंटीवर आठाच्या आकारात गुंडाळून घट्ट होतो. पायरीकडच्या गाठीला साधारण 30 सेंटिमीटर आणि खुंटीवरच्या वेढ्यांना 60, म्हणजे लांबी होते घेर अधिक 90 सेंटिमीटर. दीड मीटर घेराच्या झाडाला 2.4 मीटर दोर लागतो. शिकाऱ्यांचा आठ फुटी दोर इथेच संपला. त्याहून जाड झाडावर तो ‘कसाबसा’ पुरतो, आणि कसाबसा पुरणं म्हणजे खुंटीवर चारऐवजी एकच वेढा बसणं. असा दोर वजन पडलं की सरकतो.

दोर सढळ लांब घेऊन टाकावा, असं मात्र करू नका. मीटर-दीड मीटरचं शेपूट लोंबत राहिलं की ते बुटाखाली येतं, खालच्या पायरीत गुंततं, आणि अंधारात कुठला दोर कशाचा हे कळेनासं होतं. म्हणून तीन मापं करावीत: 120 सेंटिमीटरपर्यंतच्या घेराला 2.1 मीटर, 180 पर्यंतच्या घेराला 2.7 मीटर आणि 270 पर्यंतच्या घेराला 3.6 मीटर. टोकाला वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. खोड वर निमुळतं होत जातं, तेव्हा झाडावर लांब दोराच्या पायऱ्या खाली आणि आखूड दोराच्या वर लागतात. लांब दोराच्या आधी हाताशी येतील अशा पिशवीत भरा. घेर 270 च्या पुढे गेला तर त्या झाडावर या पायऱ्या लावूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन मीटर घेराच्या वर्षावृक्षाभोवती कमरेचा दोर दोन्ही हातांनी वर सरकवणं जमत नाही. तो मागच्या बाजूला सालीत अडकतो आणि माणूस अडकलेला दोर सोडवायला वाकतो. तिथे अग्निशमन दलाची शिडीगाडी बोलवावी.

सगळ्यात जास्त विचार कमरेच्या आणि डोक्यावरच्या दोराचा करायचा. कमरेचा दोर हार्नेसच्या (कमरेला-मांड्यांना बांधायच्या सुरक्षा-पट्ट्याच्या) एका बगलेतून निघून खोडाला वळसा घालून दुसऱ्या बगलेत येतो, म्हणजे दोन्ही हात पायरी बांधायला मोकळे राहतात. यात खोडाभोवतीचं अंतर, छाती आणि खोड यांच्यातली दोन्ही बाजूंची हातभर जागा, टोकाच्या फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकाराच्या) गाठीला जाणारा दोर आणि शेवटची अडकण, एवढं धरावं लागतं. सोपं सूत्र म्हणजे घेर अधिक दोन मीटर. दीड मीटर घेराला साडेतीन मीटर. तयार मिळणारे दोर अडीच मीटरच्या आसपास असतात आणि त्यांतला गाठींचा भाग आधीच वापरलेला असतो. जाड खोडाशी तो घातला की माणूस खोडाला चिकटतो, पाय सरळ होत नाहीत, आणि ताण कमरेऐवजी हातांवर येतो.

पण नुसत्या कमरेच्या दोरावर विश्वास टाकू नका. पाय निसटला तर तो तुम्हाला मागे पडू देत नाही, एवढंच. खोडावरून तो खाली घसरू शकतो, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही. म्हणून दुसरा, म्हणजे डोक्यावरचा, दोर खोडाला फास देऊन आवळलेला हवा. वजन आलं की तो अधिकच आवळतो. तो नेहमी डोक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर ठेवायचा आणि हार्नेसपर्यंत ढिला सोडायचा नाही. हे दोर फारसे ताणत नाहीत, त्यामुळे मीटरभर ढील असेल आणि तेवढं अंतर माणूस पडला, तर धक्का सगळा कमरेत आणि पाठीत बसतो. याची लांबीही घेर अधिक दोन मीटर धरावी. दोन्ही दोर मुद्दाम सारख्या लांबीचे ठेवायचं कारण असं की आडवी फांदी आली की कमरेचा दोर सोडून फांदीच्या वर लावावा लागतो. त्या वेळी वरच्या दोराच्या आधाराने उभं राहता येतं, आणि एक दोर फांदीपलीकडे गेल्यावर दोघांची कामं अदलाबदल करता येतात. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत दोनांतला एक दोर खोडाला अडकलेला असलाच पाहिजे.

हे दोन्ही दोर 11 मिलिमीटरचे, ईएन 1891 टाइप ए (कमी ताणणाऱ्या दोरांचं युरोपीय मानक) असा शिक्का असलेले घ्यावेत. त्या मानकात दोराची ताकद किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वादोन टन वजन पेलण्याइतकी, लागते. गाठ मारली की दोराची ताकद साधारण पाव ते एक तृतीयांश घटते, म्हणून मुळातली ताकद भरपूर असावी लागते. दोर लांब-आखूड करायला प्रुसिक गाठ (हाताने सरकते, पण वजन आलं की दोराला आवळून बसते) घालायची असेल तर तिची दोरी मुख्य दोराहून बारीक हवी. 11 मिलिमीटरच्या दोरावर 8 ची चालते. सव्वा ते दीड मीटरचा तुकडा, दोन्ही टोकं डबल फिशरमन गाठीने जोडलेली. जास्त मोठा फास केला तर प्रुसिक हाताच्या टप्प्याबाहेर जाते. मुख्य दोराच्या सुट्या टोकाला अडकण-गाठ घातल्याशिवाय कमरेला काहीही लावू नका. प्रुसिक टोकावरून निसटून जाऊ नये म्हणून ती गाठ असते.

पायाचा फास अंगावर मोजूनच करायचा. पायरीच्या खाली लोंबणारा हा फास एक जादा पाऊल देतो, म्हणजे पायऱ्या कमी लागतात. घरी भिंतीशी उभे राहा, बूट घाला, गुडघा वाकवून पाऊल सहज जिथपर्यंत उचलतं ती उंची मोजा. बहुतेकांची 35 ते 45 सेंटिमीटर भरते. फास याहून लांब झाला तर पाय पायरीच्या खाली पुढे सरकतो आणि अंग मागे पडतं. गोल दोरापेक्षा इंचभर रुंद पट्टा तळव्याला बरा.

सामान ओढायचा दोर 4-5 मिलिमीटरचा, रंगाने अगदी वेगळा, लांबी चढायची उंची अधिक दोन मीटर. पिंजरा, कात्री, जाड हातमोजे त्यानेच वर घ्यायचे. त्यावर माणसाचं वजन कधीही टाकायचं नाही.

सुटकेचा दोर बहुतेक जण घरी विसरतात. वरचा माणूस जखमी झाला, घेरी येऊन लटकला, तर खाली कसा आणणार? हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साकळतं आणि काही मिनिटांत प्रकृती गंभीर होऊ शकते. त्यामुळे चढायच्या उंचीच्या दुप्पट अधिक दोन मीटर, म्हणजे आठ मीटर चढणार असाल तर अठरा मीटरचा दोर खाली मोकळा, टोकाला गाठ घालून तयार हवा. तो वापरून माणूस उतरवायचा सराव झालेला साथीदार खाली हवा. नुसता मदतीला आलेला शेजारी चालणार नाही. हा सराव पुस्तक वाचून होत नाही. गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थेत किंवा वृक्षनिगेचं काम करणाऱ्या अनुभवी माणसाकडे जाऊनच तो करावा, आणि तोपर्यंत वर जाऊ नये.

आता कापण्याबद्दल. जांभळी नाक्यावर टेम्पोवर सामान बांधायची पॉलिप्रॉपिलीनची दोरी स्वस्तात मिळते. ती यातल्या कुठल्याच कामाला घेऊ नका. उन्हात ती ठिसूळ होते आणि घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळते. नायलॉन भिजलं की ताणतं आणि काहीसं कमजोर होतं. ठाण्याच्या दमट हवेत पॉलिस्टरची वीण असलेला दोर अधिक भरवशाचा. डायनीमासारखा धागा वजनाला हलका आणि फार बळकट असतो, पण गुळगुळीत असल्यामुळे साध्या गाठी त्यावर सरकतात, आणि साधारण 145-150 अंश सेल्सिअसलाच तो वितळतो. पायरी बांधायला तो चालेल, प्रुसिकला नाही. नवा दोर पहिल्यांदा भिजून वाळला की आखडतो. म्हणून आधी साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, मग मोजा. प्रत्येक मापात 30 सेंटिमीटर जादा ठेवून कापा, टोक वितळवून बंद करा, गाठी मारा, अंगाचं वजन टाकून त्या बसू द्या, आणि त्यानंतर पुन्हा लांबी मोजा. जादा दोर कधीही कापता येतो. दोर गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ ठेवू नका. आम्लाचा वास लागलेला दोर वरून धडधाकट दिसला तरी बाद करावा. वड, उंबर, फणस यांचा चीक लागला असेल तर सौम्य साबणाने धुवा. प्रत्येक वेळी दोर इंचाइंचाने बोटांतून फिरवा: कडक झालेला भाग, चकाकणारा भाग, साल उसवून आतले धागे दिसणारा भाग, यांतलं काहीही आढळलं तर तो दोर कापून टाका, म्हणजे चुकून दुसरं कुणी वापरणार नाही.

झाडाकडेही बघायला हवं. गुलमोहर आणि सोनमोहर यांच्या फांद्या अचानक मोडतात, म्हणून दोर मुख्य खोडालाच, फांदीला नाही. काटेसावरीचे काटे दोर कापतात. माडाच्या खोडावर या पायऱ्या नकोत. बुंध्यावर आळंबी, पोकळ आवाज, पिठ्या ढेकणाने सुकलेला वर्षावृक्ष, आग्या मोहोळ, यांतलं काहीही असेल तर चढायचं नाही. विजेची तार फांद्यांतून गेली असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबा. मांजा ओला असला किंवा त्यावर धातूची पूड असली तर त्यातूनही वीज वाहू शकते.

फांदी छाटावी लागणार असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती आधी मागून ठेवा. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय या पायऱ्या पाठीवर घेऊन शिरू नका. शिकारीचं साधन म्हणून ओळखली जाणारी वस्तू जवळ असताना हेतू समजावून सांगणं वनरक्षकापुढे कठीण होतं. घार, घुबड, वटवाघूळ खाली आणल्यावर स्वतः उपचार न करता वनखात्याच्या किंवा मान्यताप्राप्त बचाव केंद्राच्या ताब्यात द्यायचं, तेव्हा त्यांचे क्रमांक आधीच फोनमध्ये हवेत. रुग्णवाहिकेसाठी 108, अग्निशमन दलासाठी 101.

आदल्या रात्री पिशवी याच क्रमाने भरा: तळाशी सुटकेचा दोर, कारण तो जमिनीवर पसरून ठेवायचा आणि पिशवी उलटी केली की तोच आधी हाताशी येतो. त्यावर आखूड दोराच्या पायऱ्या, त्यावर लांब दोराच्या, सर्वांत वर हार्नेस, कमरेचा आणि डोक्यावरचा दोर, हेल्मेट. आणि वही. झाडाखाली पोचल्यावर वहीतला घेर आणि दोराच्या टोकावरचा रंग जुळतोय का हे साथीदाराने मोठ्याने वाचायचं, चढणाऱ्याने दोर हातात धरून दाखवायचा, आणि जुळत नसेल तर त्या दिवशी चढायचं नाही.