बोटॉक्स आणि फिलरचा भाव कसा लावतात, आणि कोटेशन कसं तपासायचं

भाव विचारायला फोन केला की एक क्लिनिक सांगतं, "युनिटला साडेतीनशे." दुसरं सांगतं, "एका एरियाचे सहा हजार." तिसरं म्हणतं, "पूर्ण चेहऱ्याचं पॅकेज आहे, या, बघून सांगतो." तिघंही खरं बोलत असतील, पण एकजण भाजी किलोवर देतोय, दुसरा जुडीवर आणि तिसरा वाट्यावर. तुलना करायची तर तिघांना एकाच मापात आणावं लागतं. सुरकुत्यांच्या इंजेक्शनसाठी (बोटॉक्स) ते माप म्हणजे ब्रँड आणि युनिट, फिलरसाठी, म्हणजे गाल-ओठ भरायच्या जेलसाठी, ब्रँड आणि मिली, आणि दोन्हीकडे जीएसटी धरून होणारी रक्कम. खाली रुपयांचे आकडे हिशेब समजावण्यापुरते धरले आहेत. तुमच्या गावातले भाव त्या जागी घाला.

आधी युनिट. स्नायू ढिले करून सुरकुत्या घालवणाऱ्या औषधाचं नाव बोटुलिनम टॉक्सिन. बोटॉक्स हा त्याचा एक ब्रँड, डिस्पोर्ट आणि झिओमिन हे दुसरे. युनिट म्हणजे वजन नव्हे, औषधाची ताकद, आणि ती प्रत्येक कंपनी आपापल्या चाचणीने मोजते. म्हणून एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या युनिटाशी जुळत नाही. भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी बोटॉक्सच्या लेबलवर (म्हणजे कंपनीच्या मंजूर माहितीपत्रकात) २० युनिट आहेत, झिओमिनच्या लेबलवरही २०, डिस्पोर्टच्या लेबलवर मात्र ५०. आता डिस्पोर्ट युनिटला १५० रुपये आणि बोटॉक्स ३५० रुपये असेल तर डिस्पोर्ट निम्म्याहून स्वस्त वाटतं. गुणून बघा: ५० × १५० म्हणजे ७,५००, आणि २० × ३५० म्हणजे ७,०००. भाव सांगताना ब्रँडचं नाव येत नसेल तर तो भाव लिहूनही घेऊ नका.

बोटॉक्सच्या अमेरिकन लेबलवर भुवयांमधल्या आठ्यांना २०, कपाळावरच्या आडव्या रेषांना २० आणि दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४ युनिट आहेत. तिन्ही एकत्र केले तर ६४. प्रत्यक्षात डॉक्टर स्नायू बघून कमी-जास्त करतात. कपाळाला बऱ्याचदा कमी पुरतात. पुरुषांचे स्नायू मोठे, त्यामुळे त्यांना जास्त लागतात. जबड्याचा कोन बारीक करायचा असेल तर दर बाजूला साधारण २० ते ३० युनिट जातात, म्हणजे त्या एकाच कामाचं बिल चेहऱ्याच्या अख्ख्या वरच्या भागाच्या बिलाजवळ पोचू शकतं. एक सावधगिरी: "फक्त कपाळ, स्वस्तात" अशी ऑफर टाळा. कपाळाचा स्नायू भुवया वर उचलतो, तर भुवयांमधले स्नायू त्या खाली ओढतात. उचलणाराच तेवढा ढिला केला तर भुवया खाली येतात आणि डोळे जड वाटतात. लेबलमध्येही कपाळाचा डोस भुवयांमधल्या डोससोबतच दिला आहे.

एरियाचा भाव सोयीचा वाटतो, कारण रक्कम आधी कळते. अडचण अशी की किती औषध टोचायचं ते क्लिनिक ठरवतं आणि कमी टोचलं तर त्यांचे पैसे वाचतात. समजा पहिल्या क्लिनिकने दोन एरियांना ३५० रुपयांनी ४० युनिट दिले: १४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,५२०, एकूण १६,५२०. दुसऱ्याने त्याच दोन एरियांचे १२,००० घेतले, जीएसटी २,१६०, एकूण १४,१६०. विचारल्यावर कळलं की २६ युनिट दिले. पहिल्याकडे युनिट ४१३ रुपयांना पडलं, दुसऱ्याकडे ५४५ रुपयांना. शिवाय दुसऱ्याचा परिणाम लवकर ओसरला तर पुढची खेप अलीकडे येते. आमचं मत स्पष्ट आहे: एरियाचा भाव घ्यायला हरकत नाही, पण किती युनिट देणार हे आधी सांगायला आणि नंतर कागदावर लिहायला तयार असलेल्या ठिकाणीच.

औषध पावडरच्या रूपात येतं आणि सलाइनमध्ये विरघळवावं लागतं, म्हणून "पाणी घालतात" हा संशय नेहमीचा. पाणी जास्त घातल्याने युनिट कमी होत नाहीत, फक्त एका थेंबातले कमी होतात. १०० युनिटच्या व्हायलमध्ये (औषधाच्या कुपीत) २.५ मिली सलाइन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात. हेच प्रमाण लेबलमध्ये आहे. फसगत होते ती सिरिंजवरच्या रेघा मोजताना. हे औषध बहुतेकदा इन्सुलिनच्या सिरिंजने देतात, आणि आपल्याकडे त्या दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाच्या यू-४० सिरिंजमध्ये एका मिलीला ४० खुणा, २.५ मिलीत कालवलेल्या औषधाची एक खूण म्हणजे बरोबर १ युनिट. नारिंगी टोपणाच्या यू-१०० सिरिंजमध्ये एका मिलीला १०० खुणा, तेव्हा त्याच औषधाची एक खूण म्हणजे ०.४ युनिट. "५० खुणा दिल्या" म्हणजे इथे २० युनिट, ५० नव्हे. म्हणून प्रश्न असा विचारा: व्हायल किती युनिटची, सलाइन किती मिली घातलं, मला किती मिली दिलं? तीन आकडे मिळाले की भागाकार तुम्हीच करू शकता. ५० युनिटची व्हायल, १.२५ मिली सलाइन, त्यातलं ०.५ मिली दिलं, तर २० युनिट.

व्हायल फोडली की भावाचं गणितच बदलतं. लेबलनुसार विरघळवलेलं बोटॉक्स २ ते ८ अंश तापमानात ठेवून २४ तासांत वापरायचं आणि एक व्हायल एकाच रुग्णासाठी. १०० ची व्हायल फोडून एकाला २० युनिट दिले तर उरलेल्या ८० चं काय, हा क्लिनिकपुढचा खरा प्रश्न असतो. तो खर्च कुठेतरी निघतोच. कोणी युनिटचा भाव चढा ठेवतं, कोणी किमान बिल ठरवतं, कोणी एकाच दिवशी पाच-सहा जणांना बोलावून "बोटॉक्स डे" करतं आणि व्हायल वाटून वापरतं. लेबलला सोडून असली तरी ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते, आणि त्या दिवशीचा स्वस्त भाव यातूनच येतो. तुम्हाला वाटून घ्यायचं नसेल तर ५० युनिटची व्हायल मागा, ती तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि खोक्यावरची एमआरपी, बॅच नंबर, मुदत व आयातदाराचं नाव यांचा फोटो काढा. एमआरपीला ५० ने भागलं की युनिटामागे मालाची जास्तीत जास्त किंमत कळते. त्यावरचे पैसे हाताच्या कौशल्याचे, जागेचे आणि नंतरच्या जबाबदारीचे असतात. त्यात घासाघीस करू नये असं आम्हाला वाटतं. घासाघीस करायचीच तर टच-अपची करा.

टच-अप म्हणजे काय हे आधी ठरवून घ्या. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो. म्हणून तपासणी चौदाव्या दिवशी. एक भुवई वर राहिली, एका बाजूची रेष हलते आहे, अशा वेळी दोन-चार युनिट लागतात. ते फुकट की युनिटच्या भावाने, आणि तपासणीची फी वेगळी का, हे कोटेशनवर हवं. परिणाम साधारण ३ ते ४ महिने टिकतो. त्यामुळे वर्षाचा खर्च काढताना एका खेपेला निदान तीनने गुणा: वरचे १६,५२० वर्षाला ४९,५६० होतात.

फिलरचा हिशेब सिरिंजवर चालतो. बहुतेक हायल्युरोनिक अॅसिड (शरीरातही असणारा एक पदार्थ) फिलर १ मिलीच्या भरलेल्या सिरिंजमध्ये येतात, पण अर्ध्या मिलीच्या आसपासचे छोटे पॅकही आहेत. "एक सिरिंज पंधरा हजार" ऐकलं की किती मिली ते विचारा. १ मिली म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग, तेवढ्यात दोन्ही गाल भरत नाहीत. ओठांना अनेकदा १ मिली पुरतं. गालांना दोन किंवा जास्त लागतात. एकाच कंपनीच्या फिलरचेही भाव वेगळे असतात: गालासाठीचं ज्युवेडर्म व्होल्युमा घट्ट आणि जास्त टिकणारं, ओठांसाठीचं व्होल्बेला मऊ. म्हणून "ज्युवेडर्म" एवढं पुरत नाही, पुढचं नावही हवं. २५,००० ची एक सिरिंज जीएसटीसह २९,५०० ला पडते. बोथट टोकाची कॅन्युला (सुईऐवजी वापरायची बारीक नळी) आणि सुन्न करण्याचं क्रीम यांचे पैसे वेगळे लावतात का, तेही विचारा.

सिरिंजमध्ये उरलेलं फिलर दुसऱ्या कोणालाही देता येत नाही. "अर्धी सिरिंज, अर्धे पैसे" असं कोणी म्हटलं तर उरलेली अर्धी कोणाला, हे विचारा, आणि समाधान झालं नाही तर उठून या. तुमचंच उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या खेपेला वापरणंही जंतुसंसर्गाचा धोका ओढवून घेणं आहे.

फिलरच्या भावात एक गोष्ट अदृश्य असते: चुकलं तर निस्तरण्याची तयारी. फिलर रक्तवाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला तर त्वचा पांढरी-जांभळट पडते, दुखतं, उशीर झाला तर तो भाग मरतो. डोळ्याच्या रक्तपुरवठ्यापर्यंत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. त्या क्षणी हायल्युरोनिडेझ टोचून फिलर विरघळवावं लागतं, आणि एक व्हायल नेहमीच पुरेल असं नाही. ते आत्ता तुमच्या क्लिनिकमध्ये आहे का, किती व्हायल आहेत, रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, हे भाव विचारण्याआधी विचारा. कॅल्शियम हायड्रॉक्सिलअॅपेटाइटचं फिलर या औषधाने विरघळत नाही, हेही लक्षात असू द्या.

सुई कोणाच्या हातात असेल ते ठरल्याशिवाय भाव अर्धवटच. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतली पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पार्लरमधला भाव कितीही खाली असला तरी तुलनेत धरू नका.

बिलावर ब्रँड, बॅच नंबर, युनिट किंवा मिली, डॉक्टरांचं नाव आणि जीएसटी वेगळा दाखवलेला हवा. "बिल नको असेल तर जीएसटी सोडतो" हे ऐकून १८ टक्के वाचवू नका, पुढे भांडायला हातात तेवढा एकच कागद असतो. सौंदर्यासाठीच्या उपचारांना आरोग्य विमा पैसे देत नाही, त्यामुळे विम्याच्या भरवशावर राहू नका. उपचारापूर्वी आणि चौदाव्या दिवशी एकाच उजेडात, चेहरा स्थिर ठेवून आणि आठ्या घालून, असे दोन-दोन फोटो काढा. क्लिनिकने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही.