सेटवरची आजी: मालिकेत काम करणाऱ्या नातवंडाला कसं सांभाळायचं

पोराचं मालिकेत सिलेक्शन झाल्याचा फोन आला की पेढे आणायच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका: सेटवर रोज सोबत कोण बसणार. आमच्याकडे ती मी. मुलगा ऐरोलीला आयटीत, सुनेची हॉस्पिटलात शिफ्ट ड्यूटी, आणि मी बँकेतून निवृत्त. गुडघे सोडले तर बाकी ठणठणीत. नात दुसरीत असताना तिला नायिकेच्या लहानपणाचं काम मिळालं आणि नौपाड्यातली मी घोडबंदर रोडच्या स्टुडिओत पर्स, पाण्याची बाटली आणि स्वेटर विणायच्या सुया घेऊन जाऊन बसू लागले. युनिटमध्ये मला नावाने कोणी ओळखत नाही. स्पॉटदादांपासून दिग्दर्शकापर्यंत सगळे ‘आजी’च म्हणतात.

सोबत जाणं म्हणजे डबा भरवणं आणि घाम पुसणं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं काम घड्याळाकडे बघण्याचं आहे, आणि वेळ आली की ‘आता पुरे’ म्हणण्याचं. मूल ते म्हणत नाही. त्याला सगळ्यांचं लाडकं व्हायचं असतं, त्यामुळे झोपेने डोळे मिटत असले तरी ‘अजून एक टेक करू?’ असं विचारल्यावर ते मान डोलावतं. म्हणून ज्याला नाही म्हणायला जड जातं, त्या माणसाला सोबत पाठवू नका. आमचे हे भिडस्त आहेत, ते घरीच बरे.

आधी कागद

बँकेत बत्तीस वर्षं काढल्यामुळे मला कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा थोडं सहन करा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं आपल्याकडे बेकायदा आहे. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा मालिका, सिनेमा, जाहिराती यांत कलाकार म्हणून काम करायला सूट मिळाली, पण अटींसकट. त्या अटी २०१७ च्या नियमांत आहेत. ज्या जिल्ह्यात शूट, त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून निर्मात्याने परवानगी काढायची. म्हणजे घोडबंदरला सेट असेल तर ठाण्याच्या कलेक्टर ऑफिसातून आणि गोरेगावच्या चित्रनगरीत असेल तर वांद्र्याच्या, उपनगर जिल्ह्याच्या. अर्जासोबत आई-वडिलांची लेखी संमती जाते. परवानगी सहा महिन्यांची असते. मालिका चालली तर ती पुन्हा घ्यावी लागते आणि नेमकं हेच विसरलं जातं. तुम्ही एक झेरॉक्स मागून घ्या आणि संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ‘आमचं सगळं प्रॉपर असतं हो आजी’ या वाक्याला झेरॉक्स म्हणत नाहीत.

बाकीचे नियम पाठच करा. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही. सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. सलग सत्तावीस दिवसांच्या वर नाही. पाच मुलांमागे त्यांची काळजी घेणारा एक जबाबदार माणूस निर्मात्याने नेमायचा, तो तुमच्याव्यतिरिक्त. शिक्षणात खंड पडू नये याची सोय करायची. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला कशातही घ्यायचं नाही.

आता पाच तास कुठून मोजायचे यावरून रोज वाद होतो. प्रॉडक्शनवाले पहिल्या शॉटपासून मोजतात. मी मेकअपच्या खुर्चीत बसल्यापासून मोजते, आणि करार होतानाच तसं लिहून घेतलं होतं. तोंडी ठरलेलं तिथे कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण दोन महिन्यांत ईपी, म्हणजे शूटिंगचा रोजचा कारभार बघणारा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, बदलतो. मी एक छोटी डायरी ठेवते: आत आलो ती वेळ, ब्रेक, बाहेर पडलो ती वेळ, आणि शेजारी त्या दिवशीच्या एडीची, म्हणजे असिस्टंट डायरेक्टरची, सही. सुरुवातीला ती पोरं हसायची. मग दुपारी दोन वाजले की आपणहून एकमेकांना सांगायला लागली, ‘आजींची डायरी निघायच्या आत हिचे क्लोज उरकून घ्या.’ क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट, आधी उरकून घ्या हा तुमच्यासाठीही सल्ला आहे. सगळे एकत्र दिसतात त्या मास्टर शॉटमध्ये आणि समोरच्याच्या सजेशनमध्ये (कॅमेरा समोरच्याच्या चेहऱ्यावर, मुलाचा नुसता खांदा) मूल नुसतं उभं असतं. पाठमोऱ्या शॉटला तर ड्यूप, म्हणजे बदली मूलही चालतं. त्यासाठी लेकराला तासभर लाइटखाली तिष्ठत ठेवायचं कारण नाही.

पैसे

कराराच्या वेळी दर दिवसाचा आहे, की महिन्याला अमुक दिवसांची हमी आहे, हे विचारा. लहान मुलाचा ट्रॅक, म्हणजे कथेतला त्याचा भाग, कधीही आटतो आणि मग महिन्यात दोनच दिवस बोलावणं येतं. येण्याजाण्याचा खर्च वेगळा की त्यातच, तेही विचारा. पैसे हातात यायला तीन महिने लागतात. मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांचं क्रेडिट सर्रास चालतं. व्हाउचर जपून ठेवा.

मिळकतीचा निदान वीस टक्के भाग थेट मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत गेला पाहिजे, तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. हे ‘तुम्ही तुमचं बघा’ म्हणून तुमच्या गळ्यात मारू देऊ नका. पावतीची प्रत मागा. मुलाच्या नावाने पॅन काढा, पालकांच्या कागदांवर निघतो. टीडीएस त्या पॅनवर कापला जायला हवा. अंगच्या कलेची कमाई करासाठी मुलाचीच धरतात, आई-बापाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. एफडीवरचं व्याज मात्र दोघांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. इथे भलेभले सीए गडबडतात.

उरलेल्या पैशाबद्दल माझं मत कडक आहे. घोडबंदरच्या टूबीएचकेचा हप्ता पोरीच्या पर-डेवर बांधलेली घरं मी सेटवर बघितली आहेत. एकदा हप्ता तिच्यावर आला की ताप असतानाही तिला सेटवर आणलं जातं. आमच्या घरात तिच्या पैशातून फक्त तिचा प्रवास आणि तिची शिकवणी, बाकी सगळं तिच्या खात्यात.

रडायचा सीन

मालिकेतल्या मुलांना दोनच कामं असतात, गोड बोलणं आणि रडणं. गोड बोलण्याची काळजी नको. रडायच्या सीनला मात्र तुम्ही मॉनिटरजवळ हजर पाहिजे.

सीन बहुधा त्याच दिवशी सकाळी हातात येतो. तो आधी स्वतः वाचा, मग पोराला गोष्टीसारखा सांगा: या मुलीचं काय हरवलंय, तिला कोणाचा राग आलाय. वाक्यं पाठ करून घेऊ नका. घोकलेलं वाक्य मूल शाळेतल्या कवितेच्या चालीवर म्हणतं आणि मग दहा टेक होतात. एका ठिकाणी, आमच्या नेहमीच्या युनिटमध्ये नव्हे, एकाने नातीला सांगितलं, ‘तुझी खरी आई आता परत येणारच नाही असं समज.’ मी उठले आणि तिला बाहेर घेऊन गेले. शांतपणे म्हटलं, ग्लिसरीन आणा, नाहीतर उद्या करू. ग्लिसरीन आलं. ते डोळ्यात घालत नाहीत, डोळ्याखाली लावतात, आणि लावल्यावर हात डोळ्याकडे जाऊ द्यायचा नाही. चुरचुरतं, पण पाण्याने धुतलं की पाच मिनिटांत जातं. ‘आई येणार नाही’ हे पाण्याने धुऊन जात नाही.

कट झाल्यावर टाळ्या वाजवणारे लोक असतात. तुम्ही मात्र लगेच तिला दुसरं काहीतरी बोला. नात त्या दिवशी नाक पुसत आली आणि पहिलं काय विचारलं, ‘आजी, तिचा फ्रॉक माझ्यापेक्षा चांगला का आहे?’ तिच्यासोबत काम करणाऱ्या दुसऱ्या छोटीबद्दल होतं ते. म्हटलं चला, ही परत आली.

दात

ही अडचण कोणी आधी सांगत नाही. सहा-सात वर्षांचं मूल घेता, त्याचे दुधाचे दात पडणार हे कोणाच्या डोक्यात नसतं. नातीचा वरचा पुढचा दात हलायला लागला तेव्हा गणपतीचा मोठा ट्रॅक चालू होता. आरतीचा अर्धा सीन दातासकट झाला आणि दात रात्री भाकरी खाताना पडला. सकाळी कंटिन्यूइटी (आधीच्या शॉटसारखंच सगळं दिसतंय ना ते) बघणारी मुलगी मोबाइलवरचा फोटो आणि नातीचं तोंड आळीपाळीने बघत नुसती उभी. घराजवळच्या दंतवैद्याने काढता-घालता येणारा एक नकली दात करून दिला. दिसायला झकास, पण तो लावला की नात ‘स’चा ‘श’ करायची. ‘शुखकर्ता दुखहर्ता’ ऐकून अख्खं युनिट पोट धरून हसलं आणि तिला राग आला. शेवटी लेखकानेच दात पडल्याचा सीन लिहिला. तेव्हा हलणारा दात दिसला की लपवू नका, त्याच दिवशी क्रिएटिव्हला, म्हणजे कथा आणि सीन ठरवणाऱ्या टीमला, सांगा. केस कापायचे असले, गुडघा खरचटला, कांजिण्यांची शंका आली, तरी तेच.

रस्ता आणि शाळा

नौपाड्यातून निघालं की तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली. ही नावं वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पोचता येईल असं प्रॉडक्शनला वाटतं. सकाळी लवकर निघालात तर जमतंही. परतीला मात्र काय होईल ते त्या गणपतीलाच ठाऊक, आणि गायमुखच्या घाटात एखादा कंटेनर बंद पडला तर बघायलाच नको. म्हणून मुलासाठी सकाळचा कॉल मागा, दुपारी सुटका. संध्याकाळची शिफ्ट म्हणजे पोर गाडीत झोपणार, घरी जेवायला उठणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत डुलक्या. पिकअप-ड्रॉप मिळत असेल तर घ्या, पण गाडीत तुमच्याशिवाय मूल एकटं बसवू नका. कपडे बदलायच्या खोलीलाही हाच नियम: आत घरची बाई हवी. कोणी कितीही ओळखीचं असलं तरी.

शाळेत जूनमध्येच जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. घटक चाचण्या आणि सहामाहीच्या तारखा ईपीला लेखी द्या, ‘या डेट्स ब्लॉक’ असं म्हणून. हीच भाषा त्यांना कळते. गृहपाठ लाइटिंग चालू असताना होतो. नातीचे सातपासून बारापर्यंतचे पाढे व्हॅनिटीच्या पायरीवर झालेत, आणि मेकअपदादा तेराचा पाढा तिच्याकडून शिकलेत.

लीप

एक दिवस लीप येतो. मालिका दहा-बारा वर्षं पुढे जाते आणि तुमच्या पोराच्या जागी मोठी नटी येते. प्रॉडक्शन हे तुम्हाला आठवडाभर आधी सांगेल, नाहीतर तुम्हाला प्रोमोतच कळेल. त्यामुळे मुलाला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा की हे काम संपणारं आहे. नातीला मी सांगितलं होतं, गोष्टीतली मुलगी मोठी होणार, तू मात्र तिसरीतच जाणार. तरी नवी ताई तिचंच नाव लावून पडद्यावर आली तेव्हा नातीने टीव्ही बंद केला आणि दोन दिवस कोणाला लावू दिला नाही. लावू नका. सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये मालिकेतल्या नावाने हाक मारत राहतात. त्यांना हसून खरं नाव सांगायचं. संध्याकाळी खाली खेळायला पाठवायचं. तिथे लंगडीत आउट झालेल्याला कोणी रीटेक देत नाही.

‘मग आता पुढे हिरॉइनच होणार ना?’ असं विचारणाऱ्यांना मी माधव वझ्यांचं नाव सांगते. १९५३ च्या ‘श्यामची आई’तला श्याम, ज्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, तो पुढे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाला. नातीला अभिनय आवडतोय असं दिसलं म्हणून आम्ही तिला उन्हाळ्यात बालनाट्याच्या शिबिरात घातलं. तिथे तिला झाडाची भूमिका मिळाली. दीड तास हात वर करून उभी राहिली आणि खूश होती.

पुढच्या ऑडिशनचा निरोप आला तर आधी तिला विचारायचं, मग आई-बाबांनी ठरवायचं, असं आमच्यात आहे. रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, ‘कार्ड’ अशा कशासाठीही कोणी पैसे मागितले तर तिथेच नंबर ब्लॉक करा. काम देणारा माणूस काम देण्याआधी पैसे घेत नाही. व्हिडिओ घरीच करा. मोबाइल आडवा, खिडकी मुलाच्या समोर, मागे कोरी भिंत, पंखा बंद. पावडर-लिपस्टिक नको, फिल्टर नको, शाळेचा गणवेश तर अजिबात नको. नाव, वय, उंची सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची, हात पुढून-मागून दाखवायचे, आणि मग संवाद. दोन-तीन टेकमध्ये झालं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी. आणि राहण्याच्या ठिकाणात ‘ठाणे’ असं ठळक लिहा, घोडबंदरच्या सेटवाल्यांचा गाडीखर्च वाचतो.