संतांच्या प्रतिमा असलेली युरोपीय नगरनाणी कशी जमवावीत

युरोपातील जुन्या नगरराज्यांनी आपापल्या रक्षक संताला नाण्यावर स्थान दिले. फ्लॉरेन्सने १२५२ साली पाडलेल्या सोन्याच्या फ्लोरिनवर बाप्तिस्मा देणारा योहान आहे, मिलानच्या नाण्यांवर संत अँब्रोज, तर रागुझाच्या, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकच्या, नाण्यांवर संत ब्लेझ. सगळ्यांच्या मागे न लागता एकच शहर धरावे, आणि मराठी संग्राहकाने ते व्हेनिस धरावे, असे माझे मत आहे. कारण व्यापारातून भारतात आलेले तिथले डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, आणि त्यांच्या इथे घडवलेल्या नकला आपल्याकडे पुतळ्या म्हणून माळेत ओवल्या गेल्या.

१२८४ पासून १७९७ साली प्रजासत्ताक बुडेपर्यंत डुकाटची रचना जवळजवळ तीच राहिली. एका बाजूस संत मार्क गुडघे टेकून बसलेल्या डोजच्या, म्हणजे निवडून आलेल्या राज्यप्रमुखाच्या, हाती पताका देतो. दुसऱ्या बाजूस बदामासारख्या टोकदार लंबगोल चौकटीत, ताऱ्यांच्या मध्ये, ख्रिस्त उभा असतो. नाण्यावर साल नसल्यामुळे त्याचा काळ डोजच्या नावावरूनच ठरतो. म्हणून खरेदीपूर्वी भिंगाखाली ते संक्षिप्त नाव आणि पताकेच्या दांड्यालगत वरून खाली कोरलेली ‘डी, व्ही, एक्स’ (डोज या पदाचे लॅटिन रूप) ही अक्षरे वाचून पाहावीत. त्यांच्या जागी अर्थहीन रेघा आणि ठिपके दिसले, तर ती नक्कल समजावी. वजन साधारण साडेतीन ग्रॅम भरते. परंतु नकलाही बहुधा सोन्याच्याच असल्याने केवळ काट्यावर विसंबू नये. नक्कल टाकाऊ मुळीच नव्हे, तिचा वेगळा संच करण्यासारखा आहे. मात्र दाम नकलेचेच मोजावे.

कडेवर भोक बुजवल्याच्या किंवा कडी काढल्याच्या खुणा बारकाईने शोधाव्यात, कारण दागिन्यातून सुटलेल्या नाण्याचे मोल संग्राहकांत कमी होते. घरातली माळ मात्र नाण्यांसाठी मोडू नये!

सोने परवडत नसेल, तर रागुझाच्या सतराव्या शतकातील लहान चांदीच्या नाण्यांपासून आरंभ करावा. त्यांतील अनेकांवर साल कोरलेले असते. नाणी घासून उजळू नयेत आणि पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नयेत.

परदेशी राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, मग ते व्हेनिसच्या टांकसाळीतले का असेना.