स्लर्म स्क्रिप्टचा फक्त माथा वाचतो
स्लर्म म्हणजे सामायिक कंप्युटर क्लस्टरवर लोकांची कामं, म्हणजे जॉब, रांगेत लावून चालवणारी प्रणाली. जॉबच्या स्क्रिप्टमधल्या वेळ, मेमरी मागणाऱ्या ‘हॅश-एसबॅच’ ओळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅश शेलच्या लेखी निव्वळ कॉमेंट. त्या वाचते एसबॅच कमांड, जॉब सबमिट करताना; आणि पहिली खरी कमांड दिसली की तिचं वाचन थांबतं. म्हणजे ‘मॉड्यूल लोड’ या सॉफ्टवेअर तयार करून देणाऱ्या कमांडच्या खाली लिहिलेली मेमरीची मागणी गुपचूप वगळली जाते. एररसुद्धा येत नाही! जॉब डिफॉल्ट मेमरीवर सुरू होतो आणि ती अपुरी पडली की मध्येच मारला जाऊ शकतो. म्हणून या सगळ्या ओळी शेबँगच्या, म्हणजे स्क्रिप्ट कशाने चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या, लगेच खाली ठेवा. त्यांत डॉलरवाले शेल व्हेरिएबल उलगडत नाहीत; लॉग फाइलच्या नावात जॉब क्रमांक हवा तर टक्क्याचं चिन्ह आणि त्याला जोडून छोटा जे. एकदाच जास्त वेळ हवा असेल तर फाइलला हातही लावू नका, कमांड लाइनवर दिलेला पर्याय स्क्रिप्टमधल्यावर मात करतो.