न्यूरो ट्रायलवर कोऑर्डिनेटर म्हणून लागताय? आधी स्क्रीनिंग लॉग बघा

अमेरिकेत एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) किंवा फार्मसीत मास्टर्स करून क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे औषधांच्या चाचण्यांत (ट्रायल्स) पेशंट आणि कागदपत्रं सांभाळण्याच्या, जॉबला लागणारी आपली मुलं-मुली आता बरीच दिसतात. त्यातले काही अल्झायमर, पार्किन्सन, एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार) ट्रायल्सवर येतात आणि पहिल्या आठवड्यातच कुणीतरी म्हणतं की मायनॉरिटी रिक्रूटमेंट, म्हणजे ब्लॅक, हिस्पॅनिक अशा गटांतले पेशंट ट्रायलमधे आणणं, तू बघशील का. का तर आपण ब्राऊन, दुसरं काय. मी हे काम बरीच वर्षं करतेय, जे समजलं ते लिहिते, क्रम वगैरे काही नाही.

पहिलं वाक्य जे तुम्हाला ऐकवलं जाईल ते म्हणजे "त्या लोकांचा रिसर्चवर विश्वासच नाही". आणि मग टस्कीगीचा दाखला. तो खराच आहे, १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अलाबामात सुमारे ६०० ब्लॅक पुरुषांवर सरकारी अभ्यास चालला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता आणि पेनिसिलिन मिळायला लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही. लोक हे विसरलेले नाहीत आणि विसरावं असंही काही नाही. पण २००६ मधे २० अभ्यास आणि ७० हजारांवर लोकांचा डेटा एकत्र करून बघितला तेव्हा दिसलं की विचारल्यावर हो म्हणण्याचं प्रमाण गटागटांत जवळपास सारखंच आहे. म्हणजे मुळात विचारलंच जात नाही ही मोठी भानगड. विश्वास नाही म्हटलं की दोष पेशंटवर जातो आणि आपण मोकळे, म्हणून ते कारण सगळ्यांना आवडतं असं माझं स्पष्ट मत.

आता आकडे बघा. अमेरिकेत वयस्कर ब्लॅक लोकांना अल्झायमर आणि इतर डिमेन्शिया होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दुप्पट, हिस्पॅनिक लोकांना दीडपट. आणि लेकॅनेमॅब या अल्झायमरच्या औषधाची जी मोठी ट्रायल झाली, १७९५ लोकांची, जिच्यावर २०२३ मधे पूर्ण मंजुरी मिळाली, तिच्यात जगभरातले मिळून ब्लॅक लोक अडीच टक्क्यांच्या आसपास. हिस्पॅनिक लोकांचं प्रमाण त्यामानाने बरं होतं. एनआयएचच्या (सरकारी आरोग्य संशोधन संस्था) पैशावरच्या रिसर्चमधे बायका आणि मायनॉरिटीज घ्यायलाच हव्यात हा कायदा १९९३ चा आहे, पण कंपनीच्या पैशाच्या ट्रायलला तो लागू होत नाही. एफडीएला (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) डायव्हर्सिटी प्लॅन, म्हणजे सगळ्या गटांतले लोक कसे घेणार याचा आराखडा, देण्याचा कायदा २०२२ च्या डिसेंबरमधे आला, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याची ड्राफ्ट गाइडन्स (मार्गदर्शनाचा मसुदा) एफडीएच्या साइटवरून उतरवली, तेव्हा राजकारणाच्या भरवशावर बसू नका.

लोक गळतात कुठे, तर प्रोटोकॉलमधे, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या नियमांत. त्याच लेकॅनेमॅबच्या ट्रायलमधे दर दोन आठवड्यांनी इन्फ्युजन (शिरेतून औषध), दीड वर्ष. शिवाय एमआरआय, शिवाय स्टडी पार्टनर पाहिजे, म्हणजे पेशंटला रोज ओळखणारं कुणीतरी जे येऊन प्रश्नांची उत्तरं देईल. आता ही पार्टनर म्हणजे पेशंटची मुलगी, आणि ती तासावर पगार घेणारी असेल तर दर वेळी सुट्टी कोण देणार तिला? मग पेशंटचं नाव स्क्रीनिंग लॉगमधे (कोण आलं, कोण का बाहेर पडलं याची नोंद) "नॉट इंटरेस्टेड" म्हणून पडतं. हे असं लिहू नका प्लीज. खरं कारण लिहा, कामाच्या वेळा, गाडी नाही, पार्टनर नाही, जे असेल ते.

दुसरी गळती स्क्रीनिंगमधे, म्हणजे माणूस ट्रायलला चालेल का या आधीच्या तपासणीत. बीपी, डायबेटिस नीट कंट्रोलमधे नाही म्हणून बाहेर, आणि हे आजार कुठल्या वस्तीत जास्त ते सांगायला नको. शिवाय अमायलॉइड (अल्झायमरमधे मेंदूत साचणारं प्रथिन) निगेटिव्ह येऊन बाहेर पडणाऱ्यांत ब्लॅक लोकांचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणजे विसरायला होतंय पण ट्रायलला हवा तो डाग मेंदूत नाही. अशा माणसाला "तुम्ही बसत नाही" एवढंच सांगून घरी पाठवलं तर तो आणि त्याची अख्खी चर्च मंडळी परत येणार नाहीत. रिझल्ट डॉक्टरकडून नीट समजावून द्यायला लावा, पुढे कुठे दाखवायचं तेही. मोकासारख्या मेमरी टेस्टमधे शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक मार्क वाढवतात, पण भाषेचा आणि शाळेच्या दर्जाचा फरक त्या एका मार्कात मावत नाही, रेटर ट्रेनिंगला (या टेस्ट घेऊन मार्क द्यायचं ट्रेनिंग) हा प्रश्न जरूर विचारा.

कन्सेंटला, म्हणजे ट्रायलसाठी संमती घेताना, घरच्या कुणाला दुभाषी बनवायचं नाही. मुलगी कितीही चांगलं इंग्लिश बोलत असली तरी आईला नको असलेलं ती गाळते, प्रेमापोटीच. प्रोफेशनल दुभाषी बुक करा आणि आयआरबीने (संशोधनाची नैतिक तपासणी करणारी समिती) मंजूर केलेला त्या भाषेतला फॉर्म आधीच मागून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही.

पैशाचं पण समजून घ्या. पेशंटला ट्रायलसाठी मिळणारा स्टायपेंड टॅक्सेबल उत्पन्न धरतात, ठराविक रकमेवर गेलं की सोशल सिक्युरिटी नंबर मागतात आणि इमिग्रंट कुटुंबं तिथेच गप्प होतात. प्रवासखर्च वेगळा ठेवता येतो. आणि तो नंतर परत देण्यापेक्षा टॅक्सी आपणच बुक करून दिली तर फार फरक पडतो, कारण आधी खिशातून घालायलाच पैसे नसतात.

(जाता जाता, फॉर्मवर "एशियन" या एकाच चौकटीत आपण, चिनी, फिलिपिनो सगळे. आपल्यातले पार्किन्सनचे पेशंट ट्रायलमधे किती हे त्यातून कुणालाच कळत नाही.)

हे फक्त न्यायाचं प्रकरण नाही, सायन्सचंही आहे. २०२३ मधे आफ्रिकन वंशाच्या लोकांत, त्यात नायजेरियातले बरेच, पार्किन्सनची रिस्क वाढवणारा जीबीए१ जीनमधला एक बदल सापडला जो युरोपियन डेटात दिसलाच नव्हता. दिसणार कसा, त्यांना घेतलंच नव्हतं. एमएसमधे चाइम्स नावाची ट्रायल तर मुद्दाम फक्त ब्लॅक आणि हिस्पॅनिक पेशंटसाठी काढली, म्हणजे ठरवलं तर माणसं मिळतात.

करिअरचं थोडक्यात, जीसीपी (ट्रायल्स नीट चालवायचे नियम) ट्रेनिंग जॉइन व्हायच्या आधीच करून टाका, एसीआरपी किंवा सोक्रा या क्लिनिकल रिसर्चवाल्यांच्या संघटनांची सर्टिफिकेट परीक्षा नंतर, त्याला कामाचा अनुभव लागतो. स्पॅनिश येत असेल तर रेझ्युमेत वर लिहा. आणि इंटरव्ह्यूत उलट प्रश्न विचारा, गेल्या वर्षी स्क्रीन फेल (स्क्रीनिंगमधे बाहेर) कोण झाले, का झाले, हे गटवार काढलंय का? काढलं नसेल तर ते काम बहुतेक तुमच्याच टेबलावर येणार, पगार ठरवताना ते धरून चाला.